अल अरीन: झाडूपासून सुरुवात

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात दरवर्षी एक ठरलेला कार्यक्रम असतो. तिळगूळ वाटून झाला, वाण लुटून झालं, की अकरावी-बारावीतल्या मुलामुलींना मधे घ्यायचं आणि विचारायचं, "काय मग, पुढे काय?" उत्तरंही ठरलेलीच. इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए, फार तर आर्किटेक्चर. गेल्या वर्षी आमच्या धाकटीची पाळी आली. ती तेव्हा अकरावीत होती. तिनं शांतपणे सांगितलं, "मला प्राणिसंग्रहालयात काम करायचंय."

पाच-दहा सेकंद कुणी काही बोललंच नाही. मग एकीनं सावरून घेतलं, "म्हणजे व्हेट ना गं? जनावरांची डॉक्टर?"

"व्हेट, नाहीतर कीपर. अजून ठरलं नाही, काकू."

कीपर हा शब्द ऐकून दोघीतिघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पोरीनं सर्कशीत जायचं ठरवलंय आणि आईला त्याचा पत्ताच नाही!

खरं वादळ घरी आल्यावर झालं. आमचे हे सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातले. घरी चार म्हशी, त्यांच्या दुधावर घर चाललेलं. एरवी हे फारसं बोलत नाहीत. त्या रात्री मात्र बोलले. "माझ्या वडिलांनी शेणाच्या पाट्या उचलून मला शिकवलं. मी इंजिनिअर झालो, समुद्र ओलांडून इथे आलो. ते कशासाठी? माझ्या मुलीनं परत शेणाच्या पाट्या उचलाव्यात म्हणून?"

याला उत्तर नव्हतं. धाकटीकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. कारण यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दोन पिढ्या मागे गेलं की गोठा आहे, आणि त्या गोठ्यातून बाहेर पडण्यासाठी कुणीतरी केलेले कष्ट आहेत. मी एवढंच म्हटलं, "भांडण्यापेक्षा एकदा नीट जाऊन बघू या." अशी आमची अल अरीनची वारी ठरली.

बहारीनमध्ये आपल्या मुलांची प्राण्यांशी पहिली ओळख बहुधा जनाबियाच्या उंटांच्या तबेल्यात होते. पाहुणे आले की तिथे न्यायचं, उंटासोबत फोटो काढायचे, आणि उंट नेमका तेव्हाच तोंड फिरवतो म्हणून हसायचं. अल अरीनला शाळेची सहल जाते, आपणही एखाद्या हिवाळ्यात डबे घेऊन जातो. आम्हीही मुलं लहान असताना गेलो होतो. पण तेव्हा आम्ही प्राणी पाहायला गेलो होतो. या वेळी प्राण्यांच्या मागे उभी असलेली माणसं पाहायची होती.

फेब्रुवारीतला शनिवार होता. हवा अशी, की बहारीनला वाळवंट कोण म्हणेल! रिफाच्या बाजूनं सखीरकडे निघालं की इमारती विरळ होत जातात. विद्यापीठ मागे पडतं, मग २००४ साली सुरू झालेलं फॉर्म्युला वनचं सर्किट दिसतं. सगळा देश मिळून मुंबई शहर आणि उपनगरांपेक्षा थोडासाच मोठा, त्यामुळे इथे कुठेही जायला 'प्रवास' म्हणायची सोय नाही. तरी सर्किटच्या पलीकडे गेलं, की आपण कुठेतरी लांब आलोय असं वाटतं. पिवळसर सपाट जमीन, आणि तिच्यात एकदम झाडांची रांग उगवते. तेच अल अरीन.

१९७६ साली हे अभयारण्य उभं राहिलं. तेलाच्या भरभराटीचा तो काळ. आखातात रस्ते, बंदरं, इमारती उभ्या राहत होत्या. तेव्हा या चिमुकल्या देशानं सुमारे सात चौरस किलोमीटर जागा झाडांना आणि जनावरांना दिली. काही भाग आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी, आणि उरलेला राखीव, तिथे आपल्याला जाता येत नाही. वाळवंटात हजारो झाडं लावायची, त्यांना पाणी घालून जगवायचं आणि त्यांच्या सावलीत जनावरं वाढवायची, असा तो खटाटोप.

बसमधून चक्कर मारताना शहामृग, झेब्रे, पिळदार शिंगांचे अ‍ॅडॅक्स दिसले. मग वाळूच्याच रंगाची नाजूक हरणं. त्यांचं अरबी नाव रीम. आणि मग पांढरेशुभ्र, लांब सरळ शिंगांचे अरबी ओरिक्स. त्यांना इथे महा म्हणतात. धाकटी हसून म्हणाली, "आई, आमच्या बिल्डिंगमध्ये एक रीम आहे आणि एक महा आहे!" खरंच की! आपण मुलीला हरिणाक्षी म्हणतो, मृगनयनी म्हणतो. अरबांनी सरळ हरणाचंच नाव मुलीला दिलं.

ओरिक्स हा बहारीनचा राष्ट्रीय प्राणी. लोक त्याला हरीण म्हणतात, पण तो खरं तर हरणापेक्षा गायीच्या जवळचा. आपल्याकडचे जंगलाचे जाणकार सारंग आणि कुरंग असा भेद करतात. सारंगांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. चितळ, सांबर ही सारंग. कुरंगांची शिंगं जन्मभराची, गायीम्हशींसारखी. काळवीट, चिंकारा हे कुरंग. ओरिक्सही त्यातलाच, गायीसारखाच रवंथ करणारा. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. बाजूनं पाहिलं तर दोन शिंगांचं एकच दिसतं. एकशिंगी घोड्याच्या दंतकथेचा उगम इथेच असावा असं म्हणतात. पांढऱ्या रंगामुळे ऊन परतवलं जातं, पसरट खुरांमुळे वाळूत पाय रुतत नाहीत, आणि पाणी मिळालं नाही तर चाऱ्यातल्या ओलीवर आणि दवावर तो दिवसच्या दिवस काढतो. एवढी सोय निसर्गानं केली, पण बंदूक आणि मोटार यांची सोय निसर्गाच्या हिशेबात नव्हती. जीपमधून पाठलाग करून शिकारी झाल्या आणि १९७२ साली ओमानच्या वाळवंटात शेवटचा रानटी ओरिक्स मारला गेला. संपला!

पण संपला नाही, आणि इथेच गोष्ट सुरू होते. दहा वर्षं आधीच, १९६२ साली, काही शहाण्या माणसांनी हे होणार हे ओळखून मोहीम काढली होती. थोडे ओरिक्स पकडले, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून आणि अरब राज्यकर्त्यांच्या खाजगी कळपांतून आणखी मिळवले, आणि अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवले. तिथली हवा अरबस्तानासारखी कोरडी म्हणून. नऊ जनावरांचा कळप! त्या नऊंचा संसार वाढवायचा म्हणजे नात्यात नात्यात जोड्या लागू नयेत याची काळजी हवी. म्हणून प्रत्येक जनावराची वंशावळ वहीत लिहिलेली असते: आई कोण, बाप कोण, जन्म कुठला. आपल्याकडे लग्न ठरवताना गोत्र बघतात ना, अगदी तसंच! सगोत्र स्थळ बाद.

१९८२ साली या कुळातले ओरिक्स ओमानच्या वाळवंटात पुन्हा मोकळे सोडले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला तिथल्याच हरासीस जमातीच्या माणसांना रेंजर म्हणून नेमलं. ज्यांना वाळूवरचा माग वाचता येतो, त्यांच्या हाती दुर्बीण आणि वायरलेस दिला. १९९६च्या सुमारास तिथे साडेचारशेच्या आसपास जनावरं झाली होती. मग पुन्हा चोरटी शिकार सुरू झाली. २००७ साली जेमतेम ६५ उरली आणि त्या अभयारण्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतून काढलं गेलं. तरीही इतर देशांतले कळप वाढत राहिले आणि २०११ साली ओरिक्सची गणना 'असुरक्षित' या त्यातल्या त्यात बऱ्या गटात झाली. एकदा रानातून पूर्ण नामशेष ठरलेला प्राणी इतका सावरल्याचं ते पहिलंच उदाहरण.

मला ही गोष्ट फार जवळची वाटली. परदेशी नेऊन ठेवलेला कळप, तिथे वाढलेली पिढी, मग परत जाणं, परत गेल्यावर पुन्हा संकटं... मंडळी, आपल्यापैकी कुणाला हे ओळखीचं वाटणार नाही?

पण धाकटीचं लक्ष गोष्टीत नव्हतं, गोष्टीतल्या कामात होतं. त्या कळपाला तिथे रोज चारा कोण घालत होतं, हा तिचा प्रश्न. बसमधून उतरल्यावर तिला चाऱ्याच्या गाडीजवळ एक केरळचे गृहस्थ दिसले. मध्यम वय, डोक्याला पंचा गुंडाळलेला. तिनं हिंदीत विचारलं, "अंकल, हे काम शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?"

ते आधी हसले. मग ती थट्टा करत नाही हे पाहून त्यांनी हातातला झाडू वर करून दाखवला. "यहाँ से!"

पुढची पंधरा मिनिटं त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. सकाळी ऊन चढायच्या आत पहिलं काम मोजणी. मग नुसतं उभं राहून बघायचं. कोण खायला आलं नाही, कोण कळपापासून बाजूला उभं आहे, कोण पाय जपून टाकतंय. रानटी जनावर आजारपण लपवतं, कारण रानात आजारी दिसणारा आधी मरतो. म्हणून बघायला शिकणं हीच अर्धी विद्या. मग लेंड्या आणि शेण बघायचं. मग पाण्याच्या टाक्या घासायच्या. मग चारा वजन करून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. मग झाडलोट. जे दिसलं ते लिहून ठेवायचं. प्राण्याला हात लावायची वेळ क्वचितच येते. "ज्याला कुरवाळायचंय त्यानं मांजर पाळावं," ते म्हणाले. "आणि हे सगळं आज या हवेत नाही, ऑगस्टमध्ये करून बघायचं!"

बहारीनचा ऑगस्ट कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. दुपारी उघड्यावर काम करायला सरकारच बंदी घालतं. पण जनावरांना सुट्टी नसते. मग पहाटे लवकर सुरू करायचं आणि संध्याकाळी पुन्हा यायचं.

परतताना आम्ही जीवनवृक्षाकडे वळलो. जेबेल दुखानच्या जवळ, आसपास पाण्याचा मागमूस नसताना चारशेहून अधिक वर्षं उभं असलेलं ते झाड. किती वेळा पाहिलंय, पण ते कसलं झाड आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता. ती चक्क आपली शमी आहे! दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. इकडे तिला गाफ म्हणतात, आणि तिची पानं नि शेंगा उंट-शेळ्यांचा चारा. हे गाडीत पहिल्यांदा कोण बोललं असेल? हेच! "गावाला बांधावर होती की एक. शेळ्या तुटून पडायच्या तिच्यावर." एवढंच बोलून पुन्हा गप्प.

त्यानंतरचे दोन महिने मी आणि धाकटी माहिती काढत बसलो. ज्यांच्या घरी असाच एखादा जीव आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहिते.

आता सगळे इंटर्नशिप म्हणतात, पण आपल्याकडे त्याला फार सुंदर शब्द आहे: उमेदवारी. वर्कशॉपमध्ये, छापखान्यात, वकिलाच्या ऑफिसात आपल्या आजोबा-पणजोबांनी उमेदवारी केली. पैसे कमी, कधी मुळीच नाहीत. आधी झाडलोट, मग हत्यारं पुसणं, मग कधीतरी कामाला हात. शब्दातच उमेद आहे. ती टिकते का, हे बघण्यासाठीच उमेदवारी असते.

प्राणिसंग्रहालयात जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली पशुवैद्यकाची. भारतात बी. व्ही. एससी. हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप असते. बारावीला जीवशास्त्र हवं आणि नीटची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे 'मेडिकलची तयारी चाललीय' असं सांगायला मोकळं! मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे. ते आणि राज्यातली इतर पशुवैद्यकीय महाविद्यालयं २००० साली स्थापन झालेल्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. त्याच विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ गोरेवाड्याला आहे. गोरेवाड्याचं नवं प्राणिसंग्रहालय २०२१च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालं.

दुसरी वाट कीपरची. इंग्लंडमध्ये त्यासाठी रीतसर पगारी अप्रेंटिसशिप आहे, काम करता करता शिकायची. अमेरिकेत काही कॉलेजांचं स्वतःचंच प्राणिसंग्रहालय असतं. कॅलिफोर्नियातलं मूरपार्क आणि फ्लोरिडातलं सँटा फे ही त्यातली दोन. तिथे विद्यार्थीच जनावरांचं सगळं करतात. बाकी अमेरिकेतल्या इंटर्नशिप पुष्कळदा बिनपगारी असतात, तेव्हा राहण्या-जेवण्याचा खर्च आधी धरावा. भारतात रॉम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली सुरू केलेल्या मद्रासजवळच्या मगर उद्यानात स्वयंसेवक घेतात. १९७६, म्हणजे अल अरीनच्याच वयाचं.

या दोन वाटांखेरीज आहार, नोंदी, शाळेच्या मुलांना शिकवणं, पिंजऱ्यांची रचना अशी कामं असतातच. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली हंबोल्ट पेंग्विन आले. मुंबईच्या दमट हवेत त्यांना थंड ठेवायचं म्हणजे चोवीस तास यंत्रणा चालली पाहिजे, पाणी गाळलं गेलं पाहिजे. हे ऐकून आमच्या यांनी प्रथमच मान वर केली. पेंग्विनला एसी लागतो आणि एसीला इंजिनिअर लागतो!

हीच संधी साधून मी त्यांना जेराल्ड डरेलची गोष्ट सांगितली. हा १९२५ साली आपल्या जमशेदपूरला जन्मला. बाप इंजिनिअर. (इथे हे खाकरले.) १९४५ साली विसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात शिकाऊ कीपर म्हणून लागला आणि १९५९ साली जर्सी बेटावर स्वतःचं प्राणिसंग्रहालय काढलं, नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांसाठी. पुढे तिथे जगभरातल्या माणसांना हे काम शिकवायची शाळाच सुरू झाली. जर्सी हे बहारीनपेक्षाही पुष्कळ लहान बेट आहे बरं का! आणि आपले सालिम अली? लहानपणी १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी मुलाला हाकलून न देता पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. पुढे पदवी नाही म्हणून त्यांना सरकारी जागा नाकारली गेली. मग म्युझियममध्ये मार्गदर्शकाची नोकरी, मग बर्लिनला जाऊन पुन्हा शिष्यत्व. कुणीतरी कप्पा उघडून दाखवायला लागतो, एवढंच.

"गोष्टी छान आहेत," हे म्हणाले. "पण सालिम अलींच्या वडिलांना कुणी विचारलं नसेल, मुलगी काय करते म्हणून." सालिम अलींचे वडील ते अगदी लहान असतानाच गेले होते, हे मी सांगितलं नाही. शेवटी तह झाला: उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात सहा आठवडे ती खरं काम करील. त्यानंतरही हेच म्हणाली तर बघू.

हे ठरवणं सोपं होतं, मिळवणं नाही. इथे फॅमिली व्हिसावरच्या मुलांना नोकरी करता येत नाही, म्हणून भारतच बरा असं वाटलं. पण मुंबईत पहिल्या ठिकाणी विचारलं तर "मुलींना झेपत नाही, फोटो काढून आठवड्यात पळून जातात" असं ऐकून परत यावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी, जखमी भटक्या जनावरांच्या एका निवाऱ्यात, घेतलं. आधी रेबीज आणि धनुर्वाताची इंजेक्शनं, मगच आत. (ही गोष्ट मुलांना पाठवणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी.) काम काय, तर पिंजरे धुणं. भर पावसाळा, फिनेलचा वास, भिंतींना ओल. पहिल्या दिवशी जखमेत किडे पडलेला बैल पाहून तिला उलटी झाली. पाचव्या दिवशी ती ज्याला भात भरवायची ते कुत्रं गेलं. त्या रात्री ती माझ्या भावाच्या घरी न जेवता झोपली. मी मनात म्हटलं, झालं, संपली उमेद. मनातून थोडं हायसं वाटलं, हे कबूल करते. सकाळी साडेसहाला ती छत्री घेऊन दारात उभी होती.

चार आठवडे असे गेले. उरलेले दोन आठवडे आजीकडे, गावाला. सासूबाई आता एकट्याच असतात, चारपैकी एक म्हैस उरलीय. त्यांना मी भीतभीतच सांगितलं होतं. यांच्यापेक्षा त्या जास्त रागावतील अशी माझी समजूत. त्यांनी सगळं ऐकलं आणि नातीला म्हणाल्या, "चल, बघू तुला काय येतंय."

पहाटे पाचला गोठ्यात. "म्हशीकडं बघ आन सांग, बरी हाय का आजारी?" पोरगी बघत राहिली. मग आजी सांगायला लागल्या. नाकपुडी ओली हवी, कोरडी पडली की ताप. कान धरून बघ, फार गार नको, फार ऊन नको. डोळ्याला पाणी नको. शेण बघ, पातळ की घट्ट, वास कसा. आणि सगळ्यात मोठी खूण, रवंथ. "खाऊन बसली आन रवंथ करतीया, तर काळजी न्हाई. रवंथ थांबलं की समजायचं, आत कायतरी बिघाडलंय. मग रात असो, पाऊस असो, डाक्टरला आणायला जायाचं." एका घासाला किती वेळा जबडा हलतो ते त्यांनी तिला मोजायला लावलं. ती मोजत बसली: पन्नास, बावन्न, पंचावन्न...

तिनं वही काढली. एका पानावर अल अरीनच्या अंकलनी सांगितलेलं होतं, समोरच्या पानावर आजींचं लिहिलं. दोन्ही जवळजवळ सारखंच! मोजणी, नजर, शेण, पाणी, चारा, झाडू. ज्याला जग प्रशिक्षण म्हणतं, ते सासूबाईंना कुणी शिकवलंय असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही तसं वाटलं नव्हतं. निघताना त्यांनी नातीला विचारलं, "हे शिकायला कालेजात पैसे घेत्यात व्हय गं?" आणि पोट धरून हसल्या.

नोव्हेंबरात हवा पुन्हा माणसात आली, तेव्हा आम्ही परत अल अरीनला गेलो. या वेळी हे स्वतःहून म्हणाले. तुम्हीही जाणार असाल तर आधी चौकशी करून जा, वेळा बदलत असतात. आणि मुलांना प्राण्यांबरोबर तिथल्या काम करणाऱ्या माणसांशीही बोलू द्या. मागच्या वेळचे अंकल काही दिसले नाहीत.

कुंपणापाशी पाचसहा ओरिक्स गाफच्या विरळ सावलीत बसले होते. धाकटी वही घेऊन मोजत होती. हे बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मग जरा पुढे झुकले, एका थोराड मादीकडे बोट दाखवून तिला म्हणाले, "ती बघ. रवंथ करतीय. बरी आहे."

"आणि ती डावीकडची, बाबा?"

हे पुन्हा बघायला लागले.

बारावी आता तोंडावर आली आहे, नीटचा अभ्यासही चालू आहे. नंबर कुठे लागेल, लागेल की नाही, हे आज सांगता येत नाही. या संक्रांतीला मात्र पुन्हा तोच प्रश्न आला, "काय मग, पुढे काय?" धाकटीनं तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "जनावरांचं शिकणार आहे. आमच्या घरातलंच काम आहे ते."